कामातल्या कौशल्यांबद्दल इंग्रजीत बोलताना शब्दांच्या जोड्या कशा बसवाव्यात

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत लॅबची नोकरी असो, गणपतीपुळ्याच्या हॉटेलातलं फ्रंट ऑफिस असो, तारकर्लीला पर्यटकांना डायव्हिंगसाठी नेणं असो की जहाजावर चढायची तयारी असो, मुलाखतीत एक प्रश्न इंग्रजीतून हमखास येतो: कामातलं तुम्हाला काय काय येतं? या प्रश्नाला आपली मुलं शब्द माहीत नाहीत म्हणून क्वचितच अडतात. ‘एक्सपिरियन्स’, ‘स्किल’, ‘ट्रेनिंग’ हे शब्द आपण मराठीतही रोज वापरतो. अडतं ते त्या शब्दाच्या शेजारी काय बसवायचं, इथे. मग मराठीतलं क्रियापद उचलून तसंच इंग्रजीत ठेवलं जातं आणि ‘आय टूक एक्सपिरियन्स’, ‘आय डिड मिस्टेक’ अशी वाक्यं तयार होतात.

आपल्याकडे आंबा काढतात, नारळ पाडतात, काजू वेचतात आणि भात कापतात. कुणी झाडावरचा नारळ ‘वेचला’ म्हणालं तर अर्थ कळतो, पण हा माणूस इथला नाही हेही लगेच कळतं. इंग्रजीतल्या जोड्यांचं तसंच आहे. त्या नियमाने बनवता येत नाहीत, जशा आहेत तशाच उचलाव्या लागतात.

बहुतेकांची चूक क्रमात होते. आधी मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि मग आपलं काम कसंबसं त्यात कोंबायचं, हा उलटा रस्ता आहे. खाली दिलेल्या क्रमाने जा. आधी काम, मग त्यातलं नाम, मग त्याचं क्रियापद, मग विशेषण आणि सगळ्यात शेवटी पूर्ण वाक्य. यासाठी निदान आठवडाभर तरी हातात ठेवा. आदल्या रात्री यातलं काहीच साधत नाही.

## पूर्वतयारी

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावी बाजू मराठीसाठी, उजवी इंग्रजी जोडीसाठी. ज्या नोकरीसाठी जाणार आहात तिची जाहिरात छापून किंवा हाताने उतरवून वहीत चिकटवा. फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा ॲप कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

डिक्शनरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण इथेच खूप वेळ वाया जातो. घरातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी शब्दाचा अर्थ सांगते, शेजारी सांगत नाही. ‘अनुभव’ म्हणजे ‘एक्सपिरियन्स’ एवढं तिच्यात मिळेल, पण अनुभव ‘गेन’ करतात हे बहुधा मिळणार नाही. त्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी हवी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्हींच्या अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात अर्थाच्या खाली दिलेली उदाहरणं वाचा. शेजारी तिथेच सापडतात.

सावध: भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी वाक्य टाकून आलेलं उत्तर तसंच वहीत उतरवू नका. तिथे मिळालेली जोडी डिक्शनरीतल्या उदाहरणात दिसली तरच ती पक्की धरा.

## पायरी १: काम मराठीत लिहा, तेही क्रियापदासकट

‘काजूच्या फॅक्टरीत दोन वर्षं होतो.’ बहुतेकांची पहिली ओळ अशीच असते, आणि या ओळीत कौशल्य कुठेच नाही. फॅक्टरीत उभं राहून तुम्ही हाताने काय केलंत ते लिहा. बी वाफवली. कटिंग मशीन चालवलं. गर बोर्म्यात, म्हणजे वाळवणीच्या भट्टीत, सुकवला. साल काढलेला गर निवडून त्याची प्रतवारी लावली. डबे भरले, वजनं लिहून ठेवली. नवीन आलेल्या बायकांना काम दाखवलं. मशीन अडकलं की बंद करून सुपरवायझरला कळवलं.

आता या यादीकडे पुन्हा बघा. प्रतवारी लावणं हे त्या धंद्यातलं कौशल्य आहे. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, हे नजरेने ओळखणं सोपं नाही आणि मुलाखतीत सांगण्यासारखं नक्कीच आहे. पण वजनं लिहिणं, नव्या माणसाला शिकवणं, बिघाड वेळेत कळवणं ही कौशल्यं कुठल्याही नोकरीत चालतात. हॉटेलात जा, गोदामात जा, ती तुमच्यासोबत येतात. इंग्रजीत त्यांना ‘ट्रान्सफरेबल स्किल्स’ म्हणतात. मुलं नेमकी हीच लिहायची विसरतात, कारण ती त्यांना काम वाटतच नाहीत.

यादी करताना पुस्तकी मराठीचा हट्ट नको. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, ज्या बोलीत घरी सांगता त्या बोलीत लिहा. यादी एकट्याने पुरी होत नसेल तर बहिणीला किंवा मित्राला समोर बसवून फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला सांगा: ‘बरं, मग तू काय करायचास?’ ‘पॅकिंग बघायचो’ असं उत्तर आलं तर त्यांनी पुन्हा विचारावं, ‘बघायचास म्हणजे काय करायचास?’

तपासा: प्रत्येक ओळीत हाताने, डोळ्याने किंवा तोंडाने केलेली एक क्रिया आहे का? ‘बघणे’, ‘सांभाळणे’, ‘मदत करणे’ अशा ओळी राहिल्या असतील तर त्या आणखी फोडा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी २: नाम पकडा, मग त्याचं क्रियापद शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मराठीत घेणे, देणे, करणे, चालवणे, वाढवणे या पाचसहा क्रियापदांवर आपलं बरंचसं काम भागतं. इंग्रजीत प्रत्येक नाम आपापलं क्रियापद मागतं. म्हणून ओळीतलं नाम आधी अधोरेखित करा आणि डिक्शनरीत क्रियापद न शोधता ते नाम शोधा. ‘घेणे’ला इंग्रजीत काय म्हणतात हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘एक्सपिरियन्स’ काय मागतो, हे विचारा.

‘घेणे’च्या जागा. अनुभव घेतला म्हणजे ‘गेन्ड एक्सपिरियन्स’. प्रशिक्षण घेतलं म्हणजे ‘रिसीव्ह्ड ट्रेनिंग’, आणि साध्या बोलण्यात ‘डिड माय ट्रेनिंग’ किंवा ‘कम्प्लीटेड माय ट्रेनिंग’. शिक्षण घेतलं यासाठी ‘टूक एज्युकेशन’ कधीच नको. सरळ ‘आय स्टडीड इन चिपळूण’ किंवा ‘आय डिड माय डिप्लोमा इन रत्नागिरी’ म्हणा. पण जबाबदारी घेतली हे ‘टूक रिस्पॉन्सिबिलिटी’च आहे, काळजी घेतली हे ‘टूक केअर’ आणि रजा घेतली हे ‘टूक लीव्ह’. निर्णयासाठी ‘मेक अ डिसिजन’ सगळीकडे चालतं. ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत चालतं, त्याला चूक म्हणू नका. म्हणजे ‘घेणे’ दिसलं की ‘टेक’ टाळा, असाही नियम करता येत नाही. नामागणिक बघावं लागतं.

‘देणे’च्या जागा. परीक्षा दिली याचं ‘गेव्ह ॲन एक्झाम’ भारतात सगळे समजतात, पण बाहेरच्या माणसाला त्यातून तुम्ही परीक्षा घेणारे शिक्षक वाटता. ‘टूक ॲन एक्झाम’ म्हणा. मुलाखतीचंही तसंच. ‘गिव्ह ॲन इंटरव्ह्यू’ हे मंत्री किंवा नट वर्तमानपत्राला मुलाखत देतात तेव्हाचं. नोकरीसाठी ‘आय वेंट फॉर ॲन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’. याउलट सूचना देणं ‘गिव्ह इन्स्ट्रक्शन्स’च असतं. तारकर्लीला डायव्हिंगच्या आधी पर्यटकांना जे समजावता ते ‘गिव्ह अ सेफ्टी ब्रीफिंग’. इथे आपलं ‘देणे’ जसंच्या तसं बसतं.

‘करणे’च्या जागा. इंग्रजीत याला दोन मुख्य वाटा आहेत, ‘डू’ आणि ‘मेक’. काम, कोर्स, प्रशिक्षण, हिशेब यांना ‘डू’: ‘डू अ कोर्स’, ‘डू द अकाउंट्स’. चूक, फोन, यादी, व्यवस्था, प्रयत्न, प्रगती यांना ‘मेक’: ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ कॉल’, ‘मेक अ लिस्ट’, ‘मेक अरेंजमेंट्स’, ‘मेक ॲन एफर्ट’, ‘मेक प्रोग्रेस’. यामागचं कारण शोधत बसू नका. जोड्या तोंडपाठ करा. तपासणीसाठी ‘डिड चेकिंग’ ऐवजी ‘कॅरीड आउट क्वालिटी चेक्स’ म्हटलं की कारखान्यातल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. नोंदी करण्याला ‘कीप रेकॉर्ड्स’, अर्ज भरण्याला ‘फिल इन अ फॉर्म’ आणि मोजमाप घेण्याला ‘टेक अ रीडिंग’.

‘चालवणे’च्या जागा. आपल्याकडे मशीन, होमस्टे, गाडी, बोट सगळंच चालवतात. इंग्रजीत मशीन ‘ऑपरेट’ करतात, होमस्टे किंवा दुकान ‘रन’ करतात, गाडी ‘ड्राइव्ह’ आणि मोटरसायकल ‘राइड’. बोटीबद्दलचं कौशल्य सांगताना ‘हँडल अ बोट’ शोभतं. ‘आय ड्राइव्ह कटिंग मशीन’ हे वाक्य वहीत असेल तर आजच खोडा.

‘वाढवणे’च्या जागा. ‘आय वाँट टू इन्क्रीज माय इंग्लिश’ हे वाक्य मुलाखतीत फार ऐकू येतं. ‘इन्क्रीज’ मोजता येणाऱ्या आकड्यांना लागतं: विक्री, उत्पादन, वेग. इंग्रजी ‘इंप्रूव्ह’ करतात. कौशल्य ‘डेव्हलप’ किंवा ‘इंप्रूव्ह’ करतात, आत्मविश्वास ‘बिल्ड’ करतात. पूर्वी येत असलेलं, पण गंजलेलं काही पुन्हा लखलखीत करायचं असेल तर ‘ब्रश अप’. ‘आय ॲम ब्रशिंग अप माय कॉम्प्युटर स्किल्स’ म्हणजे मुळात येतं, सध्या उजळणी चालू आहे.

राहिलेल्या काही जोड्या पटकन बघून घ्या. टार्गेट पूर्ण करणं ‘मीट अ टार्गेट’, ठरलेल्या मुदतीत काम देणं ‘मीट अ डेडलाइन’, निर्यातीचे निकष पाळणं ‘मीट एक्स्पोर्ट स्टँडर्ड्स’. इथे तिन्ही ठिकाणी ‘मीट’ आहे, म्हणून एकत्र पाठ करा. तक्रार ‘हँडल’ करतात, गिऱ्हाइकांशी ‘डील विथ’ करतात, अडचण ‘सॉल्व्ह’ करतात. सूचना आणि नियम ‘फॉलो’ करतात. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात माल उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड ठेवत शेवटपर्यंत न्यावा लागतो. त्याला ‘मेंटेन द कोल्ड चेन’ म्हणतात आणि ही जोडी त्या धंद्यात रोज लागते.

सावध: ‘पास आउट’ हा भारतातला वापर आहे. ‘आय पास्ड आउट इन २०२२’ ऐकून परदेशी माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणा. जहाजावर किंवा परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात जाणार असाल तर हे विसरू नका.

तपासा: उजव्या रकान्यात एकटा शब्द कुठे राहिला आहे का? ‘रेकॉर्ड्स’ एवढंच लिहिलं असेल तर त्याच्यापुढे ‘कीप’ लिहा. एकटं नाम म्हणजे अर्धवट काम.

## पायरी ३: किती येतं ते सांगणारा शब्द लावा

आता नामाच्या आधी येणारं विशेषण. ‘मोठा अनुभव’ म्हणून ‘बिग एक्सपिरियन्स’ नको. भरपूर अनुभव म्हणजे ‘अ लॉट ऑफ एक्सपिरियन्स’, आणि कागदावर ‘एक्स्टेन्सिव्ह एक्सपिरियन्स’. थोडा असेल तर ‘सम एक्सपिरियन्स’. स्वतः हात घालून काम केलं असेल तर ‘हँड्स-ऑन एक्सपिरियन्स’. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांनी ही जोडी जरूर घ्यावी, कारण ती तुमच्या प्रॅक्टिकलला न्याय देते.

‘नॉलेज’ची चढती पायरी लक्षात ठेवा. ‘बेसिक नॉलेज’ म्हणजे तोंडओळख. ‘वर्किंग नॉलेज’ म्हणजे रोजचं काम अडणार नाही इतकं. ‘गुड नॉलेज’ म्हणजे विश्वासाने करता येईल इतकं. ‘इन-डेप्थ नॉलेज’ म्हणजे खोलवर. माझ्या मते नव्याने नोकरीला जाणाऱ्याला ‘वर्किंग नॉलेज’ ही फार कामाची जोडी आहे. ती नम्र आहे, खरी आहे आणि तिच्यामागे उलटतपासणीची भीती नाही. ‘आय हॅव अ वर्किंग नॉलेज ऑफ एक्सेल’ म्हणणाऱ्याला कुणी अवघड फॉर्म्युला विचारून कोंडीत पकडत नाही. ‘आय ॲम एक्स्पर्ट’ म्हणणाऱ्याला विचारतात, आणि विचारायलाच हवं.

भाषेबद्दल बोलताना ‘आय हॅव अ गुड कमांड ऑफ मराठी अँड हिंदी’ आणि ‘माय इंग्लिश इज इंप्रूव्हिंग’ ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ प्रामाणिकपणे म्हणता येतात. ‘आय नो कॉम्प्युटर’ ऐवजी ‘आय हॅव बेसिक कॉम्प्युटर स्किल्स’ म्हणा.

आणि एक जागा जपा. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. ‘हार्डली’ हे ‘हार्ड’चं जास्त चांगलं रूप आहे असा समज दिसतो. तो अजिबात बरोबर नाही.

तपासा: प्रत्येक विशेषणाला तुमच्याकडे घडलेला दाखला आहे का? नसेल तर विशेषण एक पायरी खाली आणा.

## पायरी ४: मधले छोटे शब्द

ही पायरी झटपट होते, पण वगळू नका. ‘वर्क’पुढे चार वेगळे छोटे शब्द येतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. कोणत्या पदावर ते ‘ॲज’, कुणासाठी ते ‘फॉर’, कोणत्या विभागात ते ‘इन’, कोणत्या ठिकाणी ते ‘ॲट’. जहाजावर मात्र ‘ऑन’. ‘आय वर्क्ड ॲज अ लॅब असिस्टंट’, ‘आय वर्क्ड इन क्वालिटी कंट्रोल’, ‘आय वर्क्ड ऑन अ कार्गो शिप’.

क्षेत्राचा अनुभव ‘इन’: ‘एक्सपिरियन्स इन हाउसकीपिंग’. एखाद्या साधनाचा किंवा माणसांशी वागण्याचा ‘विथ’: ‘एक्सपिरियन्स विथ टॅली’. ‘गुड ॲट’, ‘ट्रेन्ड इन’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘इन चार्ज ऑफ’. यांच्यापुढे क्रिया आली तर ती ‘इंग’ने संपते: ‘रिस्पॉन्सिबल फॉर चेकिंग द स्टॉक’. ‘रिस्पॉन्सिबल टू चेक’ नको.

जिथे छोटा शब्द लागतच नाही तिथे आपण तो घुसवतो: ‘डिस्कस अबाउट’, ‘कॉन्टॅक्ट टू’, ‘रिटर्न बॅक’. तिन्हींतला दुसरा शब्द काढून टाका.

## पायरी ५: अनेकवचन आणि काळ

काही नामांना ‘एस’ लागत नाही: नॉलेज, इक्विपमेंट, ट्रेनिंग, इन्फर्मेशन, फीडबॅक. ‘आय हॅव डन मेनी ट्रेनिंग्ज’ ऐवजी ‘आय हॅव डन सेव्हरल ट्रेनिंग कोर्सेस’. ‘एक्सपिरियन्स’ला ‘एस’ लावला की अर्थ बदलतो. तो मग कामाचा अनुभव राहत नाही, आयुष्यातले प्रसंग होतात. ‘वर्क’चंही तसंच. ‘मेनी वर्क्स’ म्हणू नका. पब्लिक वर्क्स डिपार्टमेंटमधलं ‘वर्क्स’ हे बांधकामांसाठी आहे, तुमच्या रोजच्या कामासाठी नाही.

वर्षं सांगताना दोन चुका जोडीने येतात. ‘आय ॲम हॅविंग थ्री इयर एक्सपिरियन्स’ आणि ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. पहिल्याचं ‘आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्सपिरियन्स’. दुसऱ्याचं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या वर्षाला ‘सिन्स’: ‘सिन्स २०२१’. ही दोन वाक्यं चालता-बोलता तोंडातून आपोआप निघेपर्यंत घोकावीत, कारण प्रत्येक मुलाखतीत ती लागतातच.

## पायरी ६: जोडी आणि पुरावा एकत्र बांधा

सुट्या जोड्या पाठ झाल्या की लोक त्या माळेसारख्या म्हणून टाकतात: ‘आय हॅव गुड कम्युनिकेशन स्किल्स, टीम स्किल्स, लीडरशिप स्किल्स.’ समोरच्याला यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एका कौशल्यामागे एक घडलेली गोष्ट हवी.

समजा एक मुलगी आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात दोन हंगाम क्वालिटीला होती. तिचं पहिलं उत्तर असं असतं: ‘आय टूक टू इयर एक्सपिरियन्स इन मँगो फॅक्टरी. आय डिड चेकिंग वर्क. आय हॅव बिग नॉलेज ऑफ क्वालिटी.’ आधीच्या पायऱ्यांवरून गेल्यावर तेच उत्तर असं होतं:

‘आय वर्क्ड इन क्वालिटी कंट्रोल ॲट अ मँगो पल्प युनिट फॉर टू सीझन्स. आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर टेस्टिंग ईच बॅच. आय टूक ब्रिक्स रीडिंग्ज अँड केप्ट रेकॉर्ड्स. वन्स, अ रीडिंग वॉज टू लो, सो आय पुट द बॅच ऑन होल्ड अँड इन्फॉर्म्ड माय सुपरवायझर.’

यात एकही अवघड शब्द नाही. ‘वर्क्ड इन’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘टूक रीडिंग्ज’, ‘केप्ट रेकॉर्ड्स’, ‘पुट द बॅच ऑन होल्ड’ या पाच जोड्यांवर उत्तर उभं आहे. ब्रिक्स म्हणजे रसातल्या विद्राव्य घन पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, प्रमाण. ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात, हे तिला मराठीत नीट सांगता येतं, म्हणून पुढचा प्रश्न आला तरी ती डगमगत नाही. शेवटच्या वाक्याने तिची दक्षता दिसली. ‘आय ॲम व्हेरी केअरफुल’ म्हणायची गरजच उरली नाही.

तुमच्या यादीतल्या तीन सगळ्यात भक्कम ओळी निवडा आणि प्रत्येकीचं असं चार वाक्यांचं उत्तर लिहा. तीन पुरेत. जास्त तयार केलीत तर आयत्या वेळी एकमेकांत मिसळतात.

सावध: बायोडेटातली भाषा तोंडी वापरू नका. ‘आय पझेस एक्सलंट इंटरपर्सनल स्किल्स’ कागदावर खपतं. बोलताना ‘आय ॲम गुड विथ पीपल’ किंवा ‘आय एन्जॉय डीलिंग विथ गेस्ट्स’. ‘युटिलाइझ’ऐवजी ‘यूज’, ‘अक्वायर’ऐवजी ‘लर्न’ किंवा ‘पिक अप’. ‘आय पिक्ड अप सम फ्रेंच फ्रॉम अवर गेस्ट्स’ किती सहज वाटतं बघा.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. सुरक्षेच्या आणि हुकमाच्या बोलण्यात तिथे आपल्या मनाने वाक्य बनवायचं नसतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यप्रयोगांचा संच मंजूर केला आहे आणि तो तसाच शिकायचा असतो. इथे सांगितलेलं मुलाखतीपुरतं वापरा: ‘आय होल्ड अ सीडीसी’, ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बेसिक सेफ्टी ट्रेनिंग’, ‘आय केप्ट अ नाइट वॉच’. सीडीसी म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याचं सरकारी प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला ‘होल्ड’ आणि पहाऱ्याला ‘कीप’, या जोड्या त्या धंद्यात रुळलेल्या आहेत.

## पायरी ७: तोंडात बसवा

जोडी कागदावर बरोबर असली तरी ती दोन तुकड्यांत उच्चारली की घोकलेली वाटते. ‘कीप… रेकॉर्ड्स’ असं मध्ये थांबू नका. जोडी एका श्वासात, एका शब्दासारखी म्हणा. थांबायचंच असेल तर जोडी संपल्यावर थांबा. ‘डेव्हलप’ म्हणताना जोर मधल्या ‘व्हे’वर द्या: डि-व्हे-लप. मराठीत बोलताना आपण तो पहिल्या अक्षरावर देतो आणि तीच सवय इंग्रजीत जाते.

उत्तर आधी वहीत बघून म्हणा, मग वही मिटून, मग चालताना. एसटीची वाट बघत उभे असाल तेव्हाही होतं हे. शेवटी रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना व्याकरणाकडे लक्ष नको. फक्त एवढंच बघा की प्रत्येक नामासोबत त्याचा जोडीदार आला का. कुठे ‘टूक एक्सपिरियन्स’ परत डोकावलं तर ते एकच वाक्य दहादा म्हणा, सगळं उत्तर नाही.

दादा, ताई, शेजारचे निवृत्त गुरुजी, जो कोणी मुलाखत घेणारा होईल त्याला पुढचे तीन प्रश्न क्रम बदलून विचारायला सांगा. ‘टेल मी अबाउट युवर स्किल्स’, ‘व्हॉट आर यू गुड ॲट?’, ‘व्हॉट डिड यू डू इन युवर लास्ट जॉब?’ हे तीन वेगळे वाटणारे प्रश्न एकच आहेत आणि तिन्हींना तुमचं तेच उत्तर चालतं. हे आधी कळलेलं असलं की खुर्चीत बसल्यावर प्रश्नाचे शब्द बदलले म्हणून घाबरायला होत नाही.

## पायरी ८: आदल्या दिवशीची गाळणी

आता नवीन काहीही शिकायचं नाही. तिन्ही उत्तरांमधल्या प्रत्येक जोडीवर बोट ठेवून स्वतःला मराठीत विचारा: याच्यावर ‘म्हणजे कसं?’ असा प्रश्न आला तर मी दोन वाक्यं बोलू शकेन का? ‘हँडल्ड कंप्लेंट्स’ म्हणालात तर ‘कसली तक्रार होती?’ हा प्रश्न येणारच. खोलीत गरम पाणी नव्हतं, मी पाहुण्यांची माफी मागितली, दुसरी खोली दिली, एवढं सांगता आलं तर जोडी ठेवा. नाहीतर काढा, ती कितीही छान वाजत असली तरी.

जाहिरातीतली जी नामं तुम्ही चिकटवलेल्या कागदावर दिसतात, त्यातली निदान दोन तुमच्या उत्तरात आली आहेत का तेही बघा. जाहिरातीत ‘गेस्ट रिलेशन्स’ असेल आणि तुम्ही नुसतं ‘कस्टमर’ म्हणत असाल तर ‘गेस्ट’ करा.

मुलाखत देऊन बाहेर पडलात की घरी पोहोचायच्या आत, गाडीतच, समोरच्यांनी वापरलेल्या जोड्या वहीत उतरवा. ‘डू यू हॅव एनी एक्सपिरियन्स विथ…’, ‘हाऊ डू यू कोप विथ प्रेशर?’, ‘कॅन यू वर्क शिफ्ट्स?’ त्या धंद्यात त्याच जोड्या चालतात आणि पुढच्या मुलाखतीत त्याच लागणार आहेत. ज्यांच्यावर अडखळलात त्यांच्यापुढे फुली मारा. दुसऱ्या दिवशी वही उघडून दुसऱ्या पायरीपासून फक्त त्या फुल्यांवर काम करा.